पऱ्हाटी धुऱ्यावर जाळू नका, शेण चुलीत घालू नका



रेडिओवर ऐकलेली गोष्ट कामाच्या गडबडीत निम्मी ध्यानात राहते आणि निम्मी वाऱ्यावर जाते. शेण आणि काडीकचऱ्यापासून इंधन कसे मिळते, हे आम्ही कार्यक्रमात सांगितले तेव्हा बऱ्याच जणांनी विचारले, ‘‘साहेब, आकडे पुन्हा सांगा, लिहून घ्यायचे राहिले.’’ म्हणून ही पत्रिका काढली आहे. वाचून झाली की जपून ठेवा. घरातल्या माय-बहिणींनाही वाचून दाखवा, कारण चूल त्यांच्या हाती आहे आणि धूरही त्यांच्याच डोळ्यांत जातो.

उलटा कारभार

संक्रांतीच्या सुमारास आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून संध्याकाळच्या वेळी फिरून बघा. पैठण घ्या, गंगापूर घ्या, फुलंब्री-सिल्लोड घ्या. कापूस वेचून झालेला असतो, पऱ्हाटी उपटलेली असते आणि धुऱ्याधुऱ्यावर जाळ पेटलेला दिसतो. त्याच वेळी गावात शिरावे, तर घराघरामागे गोवऱ्या थापलेल्या, उडव्या रचलेल्या.

आता याचा नीट विचार करा. शेण हे जमिनीचे खाणे. ते आपण चुलीत घालतो. पऱ्हाटी ही जळण्याजोगी काडी. ती आपण शेतात वाया जाळतो. शेतात जायचे ते चुलीत जाते आणि चुलीच्या कामी येणारे शेतात राख होते. हा उलटा कारभार सुलटा करता आला, तर घरचे इंधन घरात निघते आणि खतही शिल्लक राहते. या पत्रिकेत सांगायचे आहे ते एवढेच.

एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात घ्या. सगळा कचरा एका जातीचा नाही. ओल्याची वाट वेगळी, सुक्याची वेगळी. शेण, खरकटे, सडका भाजीपाला हा ओला माल. तो कुजतो आणि कुजताना गॅस देतो. पऱ्हाटी, तुराट्या, दाणे काढल्यावर उरलेली मक्याची कणसे, उसाचे पाचट हा सुका माल. तो लवकर कुजत नाही, पण जळतो चांगला. पऱ्हाटी गोबरगॅसच्या टाकीत टाकली तर ती पचत नाही. वर तरंगते, साय धरते आणि टाकी बंद पाडते. उलट ओले शेण चुलीत घालायचे तर आधी वाळवण्यात दिवस जातात आणि शेवटी धूरच जास्त मिळतो. म्हणून ज्याची वाट त्याला द्यावी.

ओल्याची वाट : गोबरगॅस

गाय चारा खाते आणि रवंथ करते. तिच्या पोटात डोळ्याला न दिसणारे जिवाणू असतात, ते चारा कुजवून पचवतात. हेच जिवाणू शेणाबरोबर बाहेर येतात. त्यांना हवा न लागता उबेत आणि ओलाव्यात ठेवले, की ते राहिलेले पचनाचे काम पुढे चालू ठेवतात. गोबरगॅसची टाकी म्हणजे जमिनीत बांधलेले गाईचे दुसरे पोटच समजा. या पचनातून जो वायू निघतो त्यात साधारण ५५ ते ६० टक्के मिथेन असतो. हाच जळणारा भाग. उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड, तो जळत नाही.

ही काही काल-परवाची विद्या नाही. तरंगत्या लोखंडी टोपीचा गोबरगॅस खादी ग्रामोद्योग आयोगाने १९६०च्या दशकापासून गावोगाव नेला. त्यानंतर १९८४ साली विटांच्या घुमटाचे ‘दीनबंधू’ नावाचे स्वस्त मॉडेल निघाले. त्यात लोखंडी टोपी नाही, त्यामुळे गंजण्याचे भय नाही. पुणे जिल्ह्यातल्या देहू गावी डॉ. मापुसकर यांनी गोबरगॅसप्रमाणेच शौचालयाला जोडलेला बायोगॅस लोकांच्या अंगवळणी पाडला. या कामासाठी त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपल्या महाराष्ट्रात गोबरगॅसची संख्या देशात सर्वांत जास्त आहे. पण त्यातले चालू किती आणि बंद किती, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या गावाने आपल्यापुरता मोजून बघावा.

हिशेब असा मांडावा

१. एक मोठे जनावर बांधून असेल तर दिवसाला सुमारे १० किलो शेण देते. दिवसभर चरायला जाणाऱ्या जनावराचे निम्मेच हाती लागते. वासरे आणि शेळ्या वेगळ्या धराव्यात.

२. २५ किलो शेणापासून दिवसाला सुमारे १ घनमीटर गॅस मिळतो.

३. एका माणसाच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला दिवसाला पाव घनमीटरपेक्षा थोडा जास्त गॅस लागतो. म्हणजे पाच-सहा माणसांच्या घराला २ घनमीटरची टाकी पुरते. तिला रोज ५० किलो शेण हवे. गोठ्यात बांधलेली चार-पाच मोठी जनावरे हवीत.

४. १ घनमीटर गॅस म्हणजे सुमारे साडेतीन किलो सरपण, किंवा सिलिंडरमधला साधारण ४३० ग्रॅम गॅस. २ घनमीटरची टाकी रोज पोटभर भरली तर महिन्याला २५ किलोच्या आसपास सिलिंडरचा गॅस वाचतो. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो. म्हणजे दीड सिलिंडरच्या वर झाले. २०१६ सालापासून उज्ज्वला योजनेत घरोघर सिलिंडर आले हे खरे. पण टाकी संपली आणि हातात पैसा नसला, की बाई पुन्हा चुलीपुढे बसतेच.

५. आता गोवरीशी तुलना करा. २५ किलो ओल्या शेणाच्या वाळून ५ किलो गोवऱ्या होतात. साध्या चुलीत गोवरीची दहा हिश्शांतली एक हिस्सा उष्णताच भांड्याला लागते, बाकी धुरात आणि भिंतीत जाते. गॅसच्या शेगडीत निम्म्याहून जास्त उष्णता भांड्याला लागते. त्यामुळे त्याच शेणापासून स्वयंपाकाला दुपटीहून जास्त आच मिळते आणि वर खत जसेच्या तसे हाती राहते. गोवरी जळाली की शेणातला नत्र हवेत गेला, हाती राहते ती फक्त राख.

कोणी बांधावा, कोणी बांधू नये

इथे मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. नोकरीत नवा होतो. मार्चअखेर उद्दिष्ट पुरे करायचे होते. एका गावात दोन बैल आणि एक गाय असलेल्या म्हाताऱ्या मामांना मी गळ घातली आणि २ घनमीटरचा गोबरगॅस बांधून घेतला. पहिले दोन महिने शेजाऱ्यांचे शेण मागून आणून त्यांनी तो चालवला. मे महिन्यात गावाला टँकर लागला. पुढे पावसाळ्यात गेलो तर टाकीच्या तोंडावर कडब्याची पेंढी ठेवलेली. मामा म्हणाले, ‘‘साहेब, प्यायला हंडाभर पाणी मिळंना, तुमच्या टाकीला कुठून पाजू?’’ मला उत्तर सुचले नाही. चूक मामांची नव्हती, माझी होती. जनावरे मोजली नव्हती आणि पाणी तर विचारलेच नव्हते.

तेव्हापासून मी आधी दोन प्रश्न विचारतो.

पहिला : रोज किती शेण हाती येते? एक आठवडा पाटी मोजून वजन करा. तोंडी हिशेब धरू नका. ५० किलो येत नसेल आणि २५ येत असेल, तर १ घनमीटरची लहान टाकी घ्या. मोठी टाकी अर्धपोटी ठेवण्यापेक्षा लहान टाकी पोटभर ठेवावी. २५ सुद्धा येत नसेल तर बांधू नका. पुढे सुक्याची वाट सांगितली आहे, ती धरा.

दुसरा : उन्हाळ्यात पाणी आहे का? शेणाइतकेच पाणी घालावे लागते. ५० किलो शेणाला ५० लिटर, म्हणजे तीन-चार हंडे. मराठवाड्यात हा प्रश्न शेणापेक्षा मोठा आहे. त्यावर एक उपाय आहे. गोठ्यातले मूत्र आणि जनावरे धुतलेले पाणी साठवा आणि शेण कालवायला वापरा. टाकीतून बाहेर आलेल्या रबडीचे वरचे पातळ पाणीही काही प्रमाणात पुन्हा वापरता येते. साबणाचे किंवा फिनेलचे पाणी मात्र चालत नाही, त्याने जिवाणू मरतात. फवारणीचा पंप धुतलेले पाणी तर टाकीजवळही नेऊ नका.

जागा आणि बांधकाम

जागा उन्हाची असावी. सावलीत टाकी थंड राहते आणि गॅस कमी होतो. गोठा आणि स्वयंपाकघर दोन्ही जवळ असावे, म्हणजे शेण वाहण्याचा त्रास नाही आणि नळीचाही खर्च वाचतो. पिण्याच्या विहिरीपासून किमान ५० फूट दूर बांधा. मोठ्या झाडाजवळ बांधू नका, मुळ्या भिंत फोडतात.

आपल्याकडच्या भारी काळ्या जमिनीबद्दल विशेष सांगणे आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात विटांचा घुमट तसाच बसवला तर दोन-तीन वर्षांत तडा जाण्याचा धोका असतो आणि तड्यातून गॅस निघून जातो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदावे, टाकीच्या बाजूने काळी माती न भरता मुरूम भरून धुम्मस करावी. काळी फारच खोल असेल तर घुमटाचा हट्ट सोडा, तयार टाकीचा किंवा तरंगत्या टोपीचा प्रकार घ्या. गवंडी प्रशिक्षण घेतलेला असावा. घर चांगले बांधणारा गवंडी घुमट चांगला बांधेलच असे नाही. त्याने आधी बांधलेले दोन गोबरगॅस स्वतः जाऊन बघा आणि घरच्या बाईला विचारा, शेगडी पेटते का?

अनुदान मिळते, पण त्याची रक्कम आणि अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून काम सुरू करण्याआधी पंचायत समितीच्या कृषि विभागात चौकशी करा. आधी बांधून मागून अर्ज केला तर अडचण येते.

पहिली भरणी आणि रोजचा रिवाज

२ घनमीटरच्या टाकीला पहिल्या भरणीसाठी साधारण २० क्विंटल ताजे शेण लागते. तेवढे एका घरात निघत नाही. आठ-दहा दिवस साठवा, शेजाऱ्यांकडून घ्या. गावात दुसरा चालू गोबरगॅस असेल तर त्यातली पाच-दहा घमेली रबडी विरजण म्हणून घाला. दुधाला विरजण लागते, तसेच हे. दोन-चार आठवड्यांत गॅस धरू लागतो. पहिल्यांदा निघणाऱ्या गॅसमध्ये हवा मिसळलेली असते, तो जळत नाही आणि धोक्याचाही असतो. तो एकदोनदा मोकळ्या हवेत सोडून द्या आणि मगच शेगडी पेटवा.

रोज सकाळी शेण आणि पाणी समान घेऊन काला करावा. काडी, खडे, चगाळ वेचून टाकावे. काला घोटून एकजीव झाला की आत सोडावा. आज घातलेले शेण सुमारे ४० दिवसांनी बाहेर पडते. म्हणून रोज थोडे घालायचे असते, आठवड्याचे एकदम नाही. जनावराला सहा दिवस उपाशी ठेवून सातव्या दिवशी सात दिवसांचा चारा टाकला तर काय होईल, तेच टाकीचे होते.

हिवाळ्यात गॅस कमी होतो, त्यात घाबरण्याचे कारण नाही. जिवाणूंना तीस-पस्तीस अंशांची ऊब आवडते. पौष महिन्यात काल्याचे पाणी दुपारभर उन्हात ठेवून कोमट करा आणि मग कालवा.

शेगडी गोबरगॅसची वेगळी येते, सिलिंडरची तशीच जोडू नका. ज्योत निळी असली की ठीक. ज्योत थरथरू लागली तर नळीत पाणी साचले आहे असे समजा, नळीच्या खालच्या भागातला पाण्याचा सापळा उघडून पाणी काढा. गळती शोधायला काडी पेटवू नका, साबणाचा फेस लावा. बुडबुडे येतील तिथे गळती. आणि सर्वांत महत्त्वाचे : टाकी साफ करायला माणूस आत उतरवू नका. आत हवा नसते. एक उतरतो, पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो आणि दोघेही जातात. हे काम जाणकारावर सोपवा.

रबडी म्हणजे नुसते पाणी नव्हे

टाकीतून बाहेर येते ती रबडी म्हणजे पचलेले शेण. गॅस होऊन गेला तो कार्बन आणि हायड्रोजन. नत्र, स्फुरद, पालाश रबडीतच राहिले. उकिरड्यावर उन्हापावसात पडलेल्या शेणखतातला बराच नत्र उडून किंवा वाहून जातो. रबडीत तो टिकतो. शिवाय तणाचे बरेचसे बी पोटातच मरते. ताजी रबडी पाटाच्या पाण्यातून पिकाला देता येते. लगेच द्यायची नसेल तर खड्ड्यात काडीकचऱ्याचा थर आणि रबडीचा थर असे आलटून पालटून भरा, वर माती टाका. उघड्यावर वाळवू नका, नत्र उडतो. शौचालय जोडलेले असेल तर ती रबडी पालेभाजी आणि कच्च्या खाण्याच्या पिकांना देऊ नये.

सुक्याची वाट : पऱ्हाटी

आता धुऱ्याकडे वळू. एकरी पऱ्हाटी साधारण ८ ते १२ क्विंटल निघते. वाळलेल्या पऱ्हाटीची उष्णता हलक्या प्रतीच्या दगडी कोळशाच्या जवळपास असते. म्हणजे तुम्ही धुऱ्यावर काडी लावता तेव्हा गाडीभर कोळसाच पेटवत असता.

‘‘मग पऱ्हाटी घरामागे रचून ठेवतो, वर्षभर जाळतो,’’ असे काही जण म्हणतात. थांबा, इथेच खोट आहे. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने आपली काय दशा केली ते विसरला नसाल. ही अळी वेचणी झाल्यावर उरलेल्या किडक्या, न उमललेल्या बोंडांत दडून बसते. तुम्ही पऱ्हाटी बोंडांसकट घरामागे रचली, म्हणजे अळीला उन्हाळाभर राहायला घर दिले. पाऊस पडला की पतंग निघून नव्या कपाशीवर जातो. म्हणून डिसेंबरअखेर कपाशी उपटून टाका, फरदड घेऊ नका आणि बोंडे लागलेली पऱ्हाटी रचू नका, हा सल्ला आम्ही दरवर्षी देतो. अळी मारायची म्हणून शेतकरी पऱ्हाटी जाळतो, तेव्हा त्याचे अगदीच चुकते असे मी म्हणणार नाही. पण अळीही मेली पाहिजे आणि काडीही कामी आली पाहिजे, याला तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता, कुट्टी. चिमट्याने पऱ्हाटी उपटा आणि ट्रॅक्टरवर चालणाऱ्या यंत्राने तिची बारीक कुट्टी करा. कुट्टीत बोंडे चिरडली जातात, अळी मरते. जवळपास कारखाना नसेल तर हीच कुट्टी खड्ड्यात टाकून वर गोबरगॅसची रबडी शिंपडा. कुट्टीत कर्ब आणि रबडीत नत्र, दोन्ही मिळून चांगले खत होते. ओल्याची आणि सुक्याची वाट इथे एकमेकींना भेटते. यंत्र एकट्याने घेणे परवडत नाही. गटाने किंवा सोसायटीने घेऊन भाड्याने फिरवावे.

दुसरा रस्ता, दाबून केलेला कोळसा. याला बाजारात ब्रिकेट किंवा पांढरा कोळसा म्हणतात. वाळलेली कुट्टी यंत्रात जोराने दाबली की ती तापते, काडीतला चिकट भाग मऊ होतो आणि डिंक न घालता घट्ट कांडी तयार होते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून अशा कांड्या, गोळ्या आणि लाकडासारख्या फळ्या करण्यावर काम केले आहे. कारखान्यांच्या बॉयलरला हे इंधन लागते. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशाबरोबर शेतातल्या काडीकचऱ्याच्या गोळ्याही जाळाव्यात, असे धोरण केंद्र शासनाने २०२१ साली ठरवले. म्हणजे मालाला गिऱ्हाईक आहे. पण पऱ्हाटी हलकी आणि फुगीर असते. लांब वाहून नेली तर भाडेच माल खाते. म्हणून आधी जवळ घेणारा कोण आहे ते बघा, भाव ठरवा आणि मगच गोळा करा. माल वाळलेला हवा. ओल असेल तर कांडी फुटते.

तिसरा रस्ता, कांडी कोळसा. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी बसवली. त्या कामाला २००२ साली लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. रीत सोपी आहे. बंद डब्यात पाचट दाबून भरायचे आणि डबा बाहेरून तापवायचा. आतून निघणारा वायू भट्टीतच जळतो आणि तोच पुढे डबे तापवतो. डब्यात उरतो तो कोळसा. १०० किलो पाचटापासून २५ ते ३० किलो कोळशाचा चुरा निघतो. त्यात पिठाची खळ मिसळून कांड्या पाडायच्या आणि उन्हात वाळवायच्या. त्या जळताना धूर होत नाही. मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका, त्या वायूला वास नसतो आणि तो जीव घेतो. पाचटाबद्दल आणखी एक सांगतो. खोडव्यात पाचट आच्छादन म्हणून राखणे सर्वांत चांगले. त्यातून उरेल तेवढेच भट्टीत घाला.

मजूर बाईचे सरपण

एक गोष्ट आपण सहसा बोलत नाही, ती बोलली पाहिजे. बऱ्याच गावांत रीत आहे की मजूर बाया पऱ्हाटी उपटतात आणि त्या बदल्यात सरपण म्हणून घरी नेतात. ज्यांना जमीन नाही, जनावर नाही, त्यांची चूल तुमच्या पऱ्हाटीवर पेटते. उद्या पऱ्हाटीला भाव आला आणि सगळी ट्रॅक्टरमध्ये गेली, तर त्यांनी जाळायचे काय? मग बांधावरच्या बाभळी तुटतात आणि त्यावरून गावात भांडणे होतात.

म्हणून गावाने आधीच ठरवावे. उपटणाऱ्या बाईला तिचा वाटा द्यायचा तर तो बोंडे झोडून, काड्या साफ करून द्यावा, म्हणजे तिच्या घरीही अळी जाणार नाही. झोडलेली बोंडे तिथेच जाळावीत. तेवढा जाळ मात्र चालेल. गटाने कांडी कोळसा केला तर त्यातला काही भाग मजुरीच्या हिशेबात धरावा. धुरांड्याची सुधारित चूल बसवली तर त्याच सरपणात जास्त स्वयंपाक होतो आणि धूर घराबाहेर जातो. जनावर नसलेल्या घराला आधी ही चूल द्यावी.

गावाने मिळून करायचे असेल तर

एकेका घराचे शेण पुरत नाही, पण वाड्यावस्तीचे मिळून पुरते, असे बरेच ठिकाणी आहे. केंद्र शासनाच्या २०१८ सालच्या गोबरधन योजनेत गावाच्या सामुदायिक प्रकल्पालाही वाव दिला आहे. पण सामुदायिक काम बांधायला सोपे आणि चालवायला अवघड. त्याचा एक जुना धडा कर्नाटकातल्या पुरा गावाचा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने तिथे गावाचा गोबरगॅस उभारला. आधी घरोघर स्वयंपाकाला गॅस देण्याचा बेत होता, पण तेवढे शेण गावात नव्हते. तेव्हा बेत बदलला. १९८७ पासून त्या गॅसवर इंजिन चालवून गावाला पिण्याचे पाणी आणि दिवे दिले. ज्या घराचे जेवढे शेण, त्या घराला तेवढी रबडी परत. शेण वजन करून घेत आणि त्याची नोंद ठेवत.

यातून आपण तीन गोष्टी उचलाव्यात. एक, आधी शेण मोजा आणि मग गॅसचा उपयोग ठरवा, उलट नाही. दोन, रबडी परत मिळाली तरच शेतकरी शेण आणील. शेण फुकट मागाल तर पंधरा दिवसांत पाटी यायची बंद होईल. तीन, रोज काला करणारा माणूस पगारी ठेवा. सगळ्यांचे काम म्हणजे कुणाचेच काम नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

थोडक्यात ध्यानात ठेवा

१. शेण गोवरीत घालू नका. गॅस घ्या, खत शेताला द्या.

२. आठवडाभर शेण मोजा, उन्हाळ्याचे पाणी बघा आणि मगच टाकीचा आकार ठरवा.

३. काळ्या जमिनीत मुरमापर्यंत खोदा.

४. रोज थोडे घाला, एकदम घालू नका. टाकीत माणूस उतरवू नका.

५. पऱ्हाटी टाकीत नको, धुऱ्यावरही नको. डिसेंबरअखेर उपटा, कुट्टी करा.

६. बोंडासकट पऱ्हाटी घराजवळ रचू नका.

७. मजुराच्या चुलीचा वाटा विसरू नका.

सांगितले ते सगळे एकाच वर्षात जमेल असे नाही. यंदा एवढे करा : येत्या आठवड्यात पाटी मोजून सात दिवसांचे शेण लिहून काढा आणि आकडा घेऊन पंचायत समितीत या. शेण आणि पाणी पुरत असेल तर टाकी बांधू. पुरत नसेल तर मीच तुम्हाला बांधू नका म्हणून सांगेन. त्या मामांची टाकी आजही कडब्याखाली आहे. तशी दुसरी मला बघायची नाही.

रामराम!